एक वाडा, अनेक बिऱ्हाडे : आभासी यंत्राच्या वाटणीचा प्रश्न

वसंतातल्या संध्याकाळी व्याख्यानाला जमणाऱ्या मंडळींत आज क्वचितच कोणी असेल, की ज्याच्या खिशात किंवा पिशवीत फोन नाही. त्या फोनमध्ये बँकेचे ॲप असते, आगगाडीचे तिकीट काढण्याचे असते, नातवाने घालून दिलेला एखादा खेळ असतो, आणि निरोपानिरोपीचे तर असतेच असते. ही सारी मंडळी एका तळहाताएवढ्या यंत्रात, एकाच मेमरीत, शेजारी शेजारी नांदत असतात. खेळाला बँकेचा हिशेब दिसत नाही. खेळ बिघडून बंद पडला तरी बँकेचे काम अडत नाही. आणि तरीही प्रत्येक ॲपला लागणारी सर्व सामग्री जर निरनिराळी साठवायची म्हटली असती, तर आपल्यापैकी पुष्कळांच्या फोनला तो भार पेललाच नसता. काटकसर आणि बंदोबस्त ही दोन्ही एकाच वेळी कशी साधली, हे सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

विषय संगणकतज्ज्ञांचा असला, तरी त्यातला मूळ पेच आपल्या चांगला ओळखीचा आहे. जुन्या वाड्यांतून आठ आठ, दहा दहा बिऱ्हाडे राहत. आड एक, जिना एक, अंगण एक आणि दिंडीदरवाजाही एकच. चूल मात्र ज्याची त्याची, आणि ट्रंकेचे कुलूपही ज्याचे त्याचे. प्रत्येक बिऱ्हाडाने आपापला आड खणायचे ठरवले तर ते कोणालाच परवडणार नाही. आणि चूल व ट्रंक सामाईक केली, तर वाड्यात महिनाभरही शांतता टिकणार नाही. सामाईक काय असावे आणि स्वतंत्र काय असावे, याचा निवाडा वाड्यांत पिढ्यानुपिढ्यांच्या वहिवाटीने झाला. संगणकाच्या जगात तो होण्यास वीस-पंचवीस वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात अनेक विद्वानांना आपली मते बदलावी लागली.

आभासी यंत्र म्हणजे काय

प्रथम शब्दाचा खुलासा करणे इष्ट आहे, कारण ‘आभासी यंत्र’ किंवा ‘व्हर्च्युअल मशीन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ जुना. आयबीएम कंपनीने १९६०च्या दशकात अशी योजना आखली, की एकाच मोठ्या संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला आपल्यापुढे एक संपूर्ण, स्वतंत्र संगणक आहे असे वाटावे. १९७२ मध्ये याच कल्पनेवरील ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली तिने बाजारात आणली. हा अर्थ आपल्याला येथे अभिप्रेत नाही.

दुसरा अर्थ असा. संगणकाचा प्रोसेसर फक्त आपल्याच भाषेतील आज्ञा समजतो, आणि निरनिराळ्या प्रोसेसरांच्या भाषा निरनिराळ्या असतात. म्हणून कोणी अशी युक्ती काढली, की प्रत्यक्षात नसलेल्या एका यंत्राची कल्पना करावी, त्याची आज्ञाभाषा ठरवावी, आणि सर्व प्रोग्रॅम त्या कल्पित भाषेत उतरवावेत. मग ज्या त्या संगणकावर एक दुभाषा बसवला, की तोच प्रोग्रॅम कोठेही चालेल. १९७०च्या दशकात पास्कल भाषेसाठी ही युक्ती वापरली गेली. परंतु तिचा खरा प्रसार केला तो सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या जावा या भाषेने. जावाच्या कल्पित यंत्राच्या आज्ञांना ‘बाइटकोड’ म्हणतात.

या दुभाषाकडे केवळ भाषांतराचे काम असते, असे मात्र कोणी समजू नये. आलेला प्रोग्रॅम नियमाला धरून आहे की नाही, हे तो आधी तपासतो. दुसऱ्याच्या वस्तूला हात घालणारी, किंवा संख्येला पत्ता समजून भलतीकडेच पोचणारी आज्ञा आढळली, तर तो प्रोग्रॅम दारातच अडवला जातो. वारंवार लागणारा भाग तो प्रत्यक्ष प्रोसेसरच्या भाषेत उतरवून ठेवतो, म्हणजे पुढल्या वेळी काम झपाट्याने होते. शिवाय वापरून टाकलेल्या वस्तूंची जागा मोकळी करण्याची झाडलोटही त्याच्याकडेच असते. या झाडलोटीची कल्पना जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी १९५९-६०च्या सुमारास मांडली. अशा रीतीने यंत्राच्या देखरेखीखाली चालणाऱ्या प्रोग्रॅमांना मायक्रोसॉफ्टने आपल्या डॉटनेट या प्रणालीच्या वेळी, २००२ मध्ये, ‘मॅनेज्ड कोड’ असे नाव दिले. ‘देखरेखीखालचा प्रोग्रॅम’ असा त्याचा अर्थ घेतला तर चूक होणार नाही.

प्रत्येकाला निराळा आड

देखरेखीचे हे सुख फुकट मिळत नाही. जावाचा अगदी किरकोळ प्रोग्रॅम चालवायचा म्हटले, तरी आधी ते सबंध यंत्र उभे करावे लागते. त्याच्या ग्रंथालयातील शेकडो क्लास, म्हणजे वस्तूंचे साचे, फाइलींतून वाचावे लागतात. ते तपासावे लागतात. मेमरीत नीट मांडावे लागतात. मग प्रोग्रॅम धिमेपणाने चालू होतो आणि कोणता भाग वारंवार लागतो हे ध्यानात आल्यावरच भाषांतर होऊन त्याला वेग येतो.

आता असे दहा प्रोग्रॅम एकाच संगणकावर चालवा. तेच ग्रंथालय दहा वेळा वाचले जाते, तेच क्लास दहा वेळा तपासले जातात, तेच भाषांतर दहा वेळा होते, आणि त्याचे फळ मेमरीत दहा ठिकाणी ठेवले जाते. एका वाड्यात दहा आड खणण्यासारखाच हा प्रकार. मोठ्या संगणकावर एक वेळ हे खपून जाईल. लहान यंत्रावर ते केवळ अशक्य. तेव्हा साहजिकच विचार असा निघाला, की यंत्र एकच ठेवावे आणि सर्व प्रोग्रॅमांना त्यात बिऱ्हाड करू द्यावे.

सर्वांना एकच घर

हा विचार दिसतो तितका बेजबाबदार नव्हता. एरवी एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत जाऊ नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसरच्या साहाय्याने प्रत्येकाभोवती भिंत घालते. त्या भिंतीतल्या चालत्या प्रोग्रॅमला ‘प्रोसेस’ म्हणतात. परंतु जावाच्या यंत्रात भाषेचे नियमच असे आहेत, की ज्या वस्तूचा पत्ता तुम्हांला कोणी दिला नाही, ती वस्तू तुम्हांला गाठताच येत नाही. मग आणखी भिंत कशाला? भाषा हीच भिंत पुरेशी नाही काय? त्या काळच्या ब्राउझरांत निरनिराळ्या संकेतस्थळांवरून आलेले ॲपलेट नावाचे छोटे प्रोग्रॅम एकाच यंत्रात चालत, आणि प्रत्येक स्थळाचे क्लास निरनिराळ्या ‘लोडर’कडून येत असल्याने ते परस्परांत मिसळत नसत.

पण अनुभवाला निराळेच येऊ लागले. पहिली अडचण ग्रंथालयाची. मूळ ग्रंथालय सर्वांचे एकच, आणि त्यातील काही क्लासांच्या नावावर बदलत्या किंमती ठेवलेल्या असतात. त्यांना ‘स्टॅटिक’ म्हणतात. वाड्याच्या जिन्याखाली टांगलेल्या पाटीसारख्या त्या असतात. एका बिऱ्हाडाने पाटीवर काही खरडले, की दुसऱ्याला ते वाचता येते, आणि पुसून टाकताही येते. शिवाय सामाईक वस्तूला एकाने कुलूप घालून ठेवले, की बाकीचे दाराशी ताटकळत राहतात. नियम कोणी मोडला नाही. पण एकाच्या वागण्याचा दुसऱ्याला उपद्रव झालाच.

दुसरी अडचण हिशेबाची. मेमरी एकच असल्यामुळे एका हावरट प्रोग्रॅमने ती खाऊन टाकली, तर पुढची मागणी करणारा निरपराधी प्रोग्रॅम उपाशी राहतो. मेमरी संपल्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा हे यंत्राला सांगता येत नाही, कारण कोणी किती घेतले याची स्वतंत्र वहीच नसते.

तिसरी अडचण सर्वांत बिकट, आणि तिच्यात या विषयाचे मर्म आहे. वेड्यासारखा वागणारा प्रोग्रॅम मध्येच थांबवायचा कसा? जावामध्ये चालू असलेला धागा जागच्या जागी थांबवण्याची एक आज्ञा होती. आता समजा, एक प्रोग्रॅम सामाईक खतावणीत एका खात्यातून रक्कम वजा करून दुसऱ्यात जमा करीत आहे. काम पुरे होईपर्यंत दुसऱ्या कोणी वही उघडू नये, म्हणून त्याने कुलूप घातले आहे. रक्कम वजा झाली, जमा अजून व्हायची आहे, आणि नेमक्या त्या क्षणी त्याला थांबवण्यात आले. यंत्र त्याचे कुलूप काढून घेते. वही उघडी पडते. पुढे येणाऱ्याला जुळत नसलेला हिशेब खरा म्हणून दिसतो. या कारणास्तव १९९८ मध्ये आलेल्या जावाच्या आवृत्तीत ही आज्ञा वापरू नये असे जाहीर करण्यात आले, आणि २०२३ मधील विसाव्या आवृत्तीपासून ती आज्ञा धागा न थांबवता नुसता नकार देऊ लागली.

येथे कोणी विचारील, की ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा बिघडलेल्या प्रोसेसला असेच मध्येच ठार करते. तेव्हा हा अनर्थ का होत नाही? उत्तर सोपे आहे. प्रोसेस मेली, की तिची मेमरीही तिच्याबरोबर जाते. अर्धवट राहिलेली वही तिच्या स्वतःच्या ट्रंकेत होती. ट्रंकच नाहीशी झाली. ती वही वाचायला मागे कोणी उरत नाही. खऱ्या भिंतीचा उपयोग केवळ चोराला अडवण्यापुरता नाही. भिंतीमुळे एकाचा शेवट दुसऱ्याला न बाधता होऊ शकतो.

विद्यापीठांतील आणि प्रयोगशाळांतील प्रयत्न

म्हणून घर एकच ठेवून त्याच्या आत खऱ्या खोल्या पाडण्याचे प्रयत्न सुरू झाले. अमेरिकेतील युटा विद्यापीठात ‘काफेओएस’ नावाचे यंत्र तयार झाले व त्याची माहिती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचे स्वतःचे कोठार असे, आणि एकाच्या कोठारातून दुसऱ्याच्या कोठाराकडे बोट दाखवण्यास बंदी असे. सामाईक वस्तूंसाठी निराळे कोठार करता येई. पण एकदा ते भरून मोहरबंद झाले, की त्यातील वस्तूंची परस्परांशी असलेली जोडणी बदलता येत नसे. आकारणीचा नियमही मार्मिक होता. सामाईक कोठाराचा खर्च वाटेकऱ्यांत विभागून न देता प्रत्येकाच्या नावे पुरा लिहिला जाई. वरवर पाहता हा अन्याय वाटेल. परंतु खर्च विभागून दिला, तर एक वाटेकरी निघून जाताच उरलेल्यांचा वाटा त्यांचा काही दोष नसता वाढेल, आणि एखाद्याची मर्यादा अकस्मात ओलांडली जाईल. पूर्ण आकारणी केल्याने दुसऱ्याच्या जाण्यायेण्याने कोणाचेच बिल बदलत नाही.

सन कंपनीच्या प्रयोगशाळेत ग्रझेगोर्झ चायकोव्स्की आणि लॉरां दाइनेस यांनी २००१ मध्ये मांडलेली योजना याहून व्यवहाराच्या जवळ होती. तिचे नाव ‘मल्टिटास्किंग व्हर्च्युअल मशीन’. त्यांनी यंत्राच्या एकेका भागाकडे पाहून एकच प्रश्न विचारला : हा भाग बदलतो काय? क्लासची मांडणी बदलत नाही, तो सामाईक. बाइटकोड बदलत नाही; तो सामाईक. प्रोसेसरच्या भाषेत करून ठेवलेले भाषांतरही सामाईक ठेवता येते. एका प्रोग्रॅमसाठी केलेले श्रम पुढच्याला आयते मिळतात. स्टॅटिक किंमती मात्र बदलतात; म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमला त्यांची वेगळी प्रत. क्लासवरचे कुलूपही प्रत्येकाचे वेगळे. पाटी जिन्याखालून काढून ज्याच्या त्याच्या खोलीत टांगली, असे म्हणा ना! या सोयीची किंमत एवढीच, की स्टॅटिक किंमत वाचण्यापूर्वी ‘मी कोणत्या बिऱ्हाडाचा’ हे एकदा पाहावे लागते. सी भाषेत लिहिलेले भाग यंत्राच्या देखरेखीखाली नसतात व भाषेची भिंत ते मानत नाहीत. त्यांना अखेर वेगळ्या प्रोसेसमध्येच पाठवावे लागले.

अशा बिऱ्हाडांना ‘आयसोलेट’ असे नाव देऊन त्यांच्या व्यवहाराचा एक रीतसर मसुदाही जावासाठी तयार झाला, आणि २००६ मध्ये त्याला अंतिम रूप आले. पण जावाच्या प्रमाणित आवृत्तीत त्याला जागा मिळाली नाही.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटने तर हीच कल्पना २००२ मध्ये ‘ॲपडोमेन’ या नावाने पहिल्यापासून पदरी बाळगली होती. एका प्रोसेसमध्ये अनेक डोमेन असत. सर्वांना लागणारा ग्रंथालयाचा भाग एकदाच आणून वाटता येई. मात्र असा वाटलेला भाग प्रोसेस संपेपर्यंत उतरवता येत नसे, आणि स्टॅटिक किंमतींपर्यंत पोचण्यास येथेही वळसा पडे. वेबसाइटी चालवणाऱ्या सर्व्हरांत आणि एसक्यूएल सर्व्हरच्या २००५च्या आवृत्तीत या डोमेनांचा वापर झाला. तथापि एका डोमेनमधील न सावरलेली चूक सबंध प्रोसेसला घेऊन बुडे, हा दोष राहिलाच. २०१६ मध्ये डॉटनेटची नवी बांधणी झाली, तेव्हा नवी डोमेन निर्माण करण्याची सोय तीतून वगळण्यात आली, आणि ज्याला खरी अलिप्तता हवी त्याने निराळी प्रोसेस वापरावी असा सल्ला देण्यात आला.

थोडक्यात, ज्यांनी घरातल्या घरात खोल्या पाडण्याचा मार्ग सर्वांत पुढे नेला, तेच अखेर बाहेरच्या भिंतीकडे परतले. त्यांचे श्रम मात्र वाया गेले नाहीत. जे बदलत नाही ते सामाईक असावे आणि जे बदलते ते ज्याचे त्याच्याकडे असावे, हा त्यांनी शोधलेला दंडक पुढे दुसऱ्याच मार्गाने फळाला आला.

फोनमधली युक्ती

तो मार्ग म्हणजे अँड्रॉइडचा. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन विक्रीस आला, तेव्हा त्याची चालू मेमरी अवघी १९२ मेगाबाइट होती. एवढ्याशा जागेत प्रत्येक ॲपला निराळे यंत्र द्यायचे हे वेडे धाडस वाटावे. परंतु त्याच्या कर्त्यांनी नेमके तेच केले. प्रत्येक ॲपला स्वतंत्र प्रोसेस, स्वतंत्र यंत्र, आणि लिनक्सच्या दृष्टीने प्रत्येक ॲपचा निराळा खातेदारसुद्धा. भिंती पक्क्या, आता वाटणी कशी साधायची?

फोन सुरू होताना त्यात ‘झायगोट’ नावाची एक प्रोसेस जन्मते. जीवशास्त्रात झायगोट म्हणजे युग्मनज, ज्या एका पेशीपासून सबंध देह बनतो ती पेशी. ही प्रोसेस आभासी यंत्र उभे करते, सर्वांना लागणारे हजारो क्लास वाचून मेमरीत मांडून ठेवते, सामाईक चित्रे वगैरे आणून ठेवते, आणि मग वाट पाहत बसते. आपण एखाद्या ॲपवर बोट ठेवले, की झायगोट ‘फोर्क’ नावाच्या जुन्या युनिक्स आज्ञेने स्वतःची प्रतिकृती निर्माण करते. ती प्रतिकृती त्या ॲपच्या खातेदाराचा वेष घेते आणि त्याचे काम सुरू करते. यंत्र तयार, ग्रंथालय तयार; म्हणून ॲप चटकन उघडते.

पण प्रतिकृती म्हटले की मेमरीही दुप्पट लागणार, असे वाटणे साहजिक आहे. खरी खुबी येथेच आहे. मेमरीची पाने असतात. एक पान बहुधा ४०९६ बाइटांचे. फोर्क झाल्यावर पानांची नक्कल केलीच जात नाही. आई आणि मूल दोघेही तीच पाने वाचतात. त्यांपैकी कोणी एखाद्या पानावर लिहू गेला, तर तेवढ्याच पानाची नक्कल त्याला त्या क्षणी करून दिली जाते. म्हणजे जे बदलत नाही ते आपोआप सामाईक राहते, आणि जे बदलते ते बदलल्या क्षणी स्वतंत्र होते. सन कंपनीच्या तज्ज्ञांना यंत्राचा एकेक भाग तपासून जी विभागणी करावी लागली, ती येथे पानापानाला, लिहिण्याच्या प्रसंगाने, आपसूक होते. शिवाय भिंत ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणून बिघडलेले ॲप बेलाशक बंद करता येते.

एक शत्रू मात्र घरातच होता. झाडलोट करणारा विभाग कोणती वस्तू अजून वापरात आहे हे पाहताना तिच्यावर खूण करतो. ही खूण वस्तूच्या अंगावरच केली, तर झाडलोटीच्या पहिल्याच फेरीत जवळजवळ प्रत्येक पानावर काहीतरी लिहिले जाईल, प्रत्येक पानाची नक्कल होईल, आणि सारी काटकसर एका क्षणात बुडेल. म्हणून अँड्रॉइडच्या डाल्विक नामक यंत्रात, ज्याचे कर्ते डॅन बॉर्नस्टीन होत, या खुणा वस्तूंपासून दूर, वेगळ्या तक्त्यात ठेवण्यात आल्या. झाडूवाल्याने भिंतीवर खडूने खुणा न करता आपल्या वहीत नोंद ठेवावी, तसे हे झाले. रुबी या भाषेनेही २०१३ मध्ये हाच उपाय योजला.

या शत्रूचे दुसरे उदाहरण पायथन भाषेत सापडते. तेथे प्रत्येक वस्तू आपल्याकडे किती जण बोट दाखवीत आहेत याचा आकडा स्वतःच्या अंगावर बाळगते. परिणाम असा, की वस्तू नुसती पाहायला घेतली तरी आकडा बदलतो, म्हणजे पानावर लिहिले जाते. वाचणे हेच लिहिणे होऊन बसते! इन्स्टाग्रामचे सर्व्हर पायथनवर चालत, व तेथे एका आईपासून अनेक प्रोसेसा फोर्क केल्या जात. सामाईक पाने झपाट्याने स्वतंत्र होत आहेत असे तेथील अभियंत्यांना आढळले. फेरी घालणारी झाडलोट हे त्याचे मोठे कारण ठरले, आणि २०१७ मध्ये त्यांनी ती झाडलोटच बंद ठेवल्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये आलेल्या पायथनच्या ३.१२ या आवृत्तीत काही वस्तूंना ‘अमर’ ठरवण्यात आले. त्यांचा आकडा बदलतच नाही, म्हणून त्यांची पाने निर्वेध वाटून घेता येतात.

मूळच्या जावानेही या दिशेने पावले टाकली. २००४ मधील पाचव्या आवृत्तीपासून ग्रंथालयातील मुख्य क्लास एकदाच वाचून, तपासून, तयार स्थितीत एका फाइलीत ठेवण्याची सोय झाली. प्रत्येक यंत्र ती फाइल आपल्या मेमरीशी जोडून घेते. न बदलणारी पाने सर्व यंत्रांत एकच राहतात. २०१८ मध्ये दहाव्या आवृत्तीत प्रोग्रॅमच्या स्वतःच्या क्लासांनाही ही सोय मिळाली, आणि २०१९ मध्ये बाराव्या आवृत्तीपासून ग्रंथालयाची अशी फाइल तयारच मिळू लागली.

भिंतीतून येणारा आवाज

येथे हा विषय संपला असता, तर बरे झाले असते. परंतु काटकसरीचा मोह मोठा असतो. एकेका पाहुण्यासाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करणे हेही काही सर्व्हरांना जड वाटू लागले. क्लाउडफ्लेअर कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या सेवेत अनेक ग्राहकांचे जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम एकाच प्रोसेसमध्ये, क्रोम ब्राउझरच्या व्ही-८ या यंत्राच्या निरनिराळ्या आयसोलेटांत चालू लागले. जावात रुजू न शकलेली कल्पना दुसऱ्या अंगणात उगवली.

आणि जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ या दोषाची वार्ता जगजाहीर झाली. आधुनिक प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढे काय होईल याचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर ते काम रद्द करतो. परंतु त्या रद्द कामासाठी जी माहिती जवळच्या वेगवान मेमरीत आणली गेली, ती तेथेच राहते. आणि कोणती गोष्ट चटकन मिळते व कोणती उशिराने, हे मोजून चतुर हल्लेखोर गुपित ओळखू शकतो. भाषेने ‘या मर्यादेपलीकडे वाचू नये’ असे बजावले, तरी प्रोसेसर अंदाजाच्या भरात ती मर्यादा क्षणभर ओलांडतो. शेजाऱ्याच्या खोलीत कोणी शिरले नाही, त्याचे कुलूप तोडले नाही. केवळ आडावरचा रहाट केव्हा आणि किती वेळ वाजला यावरून त्याच्या घरात आज किती पाहुणे आहेत हे कोणी ताडावे, तशातला हा प्रकार.

भाषा हीच भिंत पुरेशी आहे, या जुन्या विश्वासाला हा मोठाच धक्का होता. क्रोम ब्राउझरने त्याच वर्षी, ६७ व्या आवृत्तीत, संगणकांवर निरनिराळ्या संकेतस्थळांना निरनिराळ्या प्रोसेसमध्ये ठेवणे सुरू केले. त्यासाठी सुमारे १० ते १३ टक्के मेमरी जास्त लागेल, हे गूगलने त्याच वेळी सांगून टाकले. ज्यांना एकाच प्रोसेसमध्ये राहणे भाग होते, त्यांनी वेळ मोजण्याची साधने बोथट करणे, संशयास्पद बिऱ्हाडाला वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवणे, असे उपाय योजले.

वाटणीचा दोष झायगोटच्या मार्गातही अगदीच नाही असे नाही. एका आईची सारी लेकरे असल्याने त्यांच्या मेमरीची मांडणी एकसारखी असते. एका ॲपमधील पत्ते ज्याला कळले, त्याला दुसऱ्या ॲपमध्येही काय कोठे आहे याचा सुगावा लागतो. एकाच सुताराने बनवलेल्या दारांची कडी कोणत्या बाजूला असते हे एकदा पाहिले, की पुरे.

उपसंहार

या साऱ्या विवेचनावरून काय निष्पन्न होते? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली ही, की सामाईक ठेवण्यास योग्य ते, जे बदलत नाही. आणि ‘बदलत नाही’ हे नुसते म्हणून भागत नाही, तर झाडूवाल्याची खूण आणि वस्तूच्या अंगावरचा आकडासुद्धा त्या पानाला शिवणार नाही, इतकी दक्षता घ्यावी लागते. दुसरी ही, की भिंतीची परीक्षा एकाचा शेवट होतो तेव्हा होते. एक बिऱ्हाड उठून गेले तरी दुसऱ्याचा हिशेब अर्धवट राहू नये. तिसरी ही, की प्रत्येक वाटणीतून थोडीफार माहिती पाझरतेच. किती पाझर सोसावा आणि त्यासाठी किती मेमरी खर्चावी, याचा निर्णय कोणत्याही यंत्राने आपल्यासाठी केलेला नाही. तो माणसांनी केला आहे आणि वेळोवेळी बदललाही आहे.

हा प्रश्न केवळ परदेशातील प्रयोगशाळांचा आहे असेही कोणी मानू नये. आपल्याकडील बहुसंख्य लोकांच्या हातातील फोन अँड्रॉइडचे आहेत, आणि त्यांपैकी कितीतरी स्वस्त व बेताच्या मेमरीचे. ज्याला महागडा फोन परवडत नाही, त्याच्याही खात्यातील पैसे तितकेच सुरक्षित राहावेत, हे या काटकसरीवर आणि या भिंतींवर अवलंबून आहे. मेमरी पुरत नाही म्हणून भिंत पातळ करावी लागली, तर तिचा तोटा सर्वांत आधी गरिबालाच पोचेल. वाटणी नीट साधली, तर त्याला भिंतही मिळते आणि आडाचे पाणीही. पुढल्या वेळी फोनवरील एखाद्या ॲपला बोट लावताच ते क्षणार्धात उघडले, तर आतमध्ये एका मातेने आपली तयार शिदोरी लेकराच्या हाती दिली आणि त्याला त्याच्या स्वतंत्र खोलीत धाडले, हे ध्यानात आणावे. एवढे झाले, तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.